‘ती कोण होती?’

खुनाचा तपास म्हणजे मुळात नात्यांची मोजदाद. प्रेत सापडले की फौजदार पहिला प्रश्न विचारतो तो हा, की याच्या मरणाने लाभ कोणाचा झाला? वाटणीवरून भाऊबंदकी होती काय? देणेघेणे थकले होते काय? घरात संशय होता, की बाहेर सूड? जर, जमीन आणि जोरू या तीन दारांपैकी एखादे दार ठोठावले, म्हणजे बहुधा आतून कोणीतरी ओ देतो. बहुतेक खून ओळखीच्या माणसांच्या हातून होतात, आणि म्हणूनच पोलिसांची ही जुनी रीत पुष्कळदा लागू पडते.

पण मारणारा मरणारीला ओळखतच नसेल तर? तिचे नाव, गाव, घर यांतले काहीएक त्याला ठाऊक नाही. ती बाई आहे आणि एकटी आहे, एवढे त्याला पुरते. अशा खुनात नाते नसते, लाभ नसतो, भांडणही नसते. असतो तो निव्वळ द्वेष; आणि तोही एका व्यक्तीचा नव्हे, सबंध स्त्रीजातीचा. मग तपासाचा धागा धरायचा तरी कोठून?

हा प्रश्न इंग्लंडमधील वेस्ट यॉर्कशायरच्या पोलिसांपुढे १९७५ साली उभा राहिला आणि पुढे पाच वर्षे उभाच राहिला. तेवढ्या काळात तेरा स्त्रिया मारल्या गेल्या आणि आणखी कित्येक मरता मरता वाचल्या. पोलिसांनी कसूर केली असे म्हणवत नाही. या तपासावर त्यांचे सुमारे २५ लाख तास खर्ची पडले. पुरावाही थोडाथोडका नव्हता. तरी खुनी सापडला तो या तपासाने नव्हे. असे का व्हावे? मी कादंबऱ्या लिहिते, आणि मला या इतिहासात जे दिसते ते असे, की पोलिसांनी पुराव्याच्या आधी गोष्ट रचली, आणि मग गोष्टीत न बसणारा पुरावा बाजूला सारला.

लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड हा सारा लोकरीच्या गिरण्यांचा मुलूख. १९७० नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या होत्या. लीड्समधील चॅपलटाउन आणि ब्रॅडफर्डमधील मॅनिंगहॅम या वस्त्यांतून रात्री काही बाया पोटासाठी रस्त्यावर उभ्या राहात. ३० ऑक्टोबर १९७५ रोजी चॅपलटाउनमधील अशाच एका अठ्ठावीस वर्षांच्या बाईचा खून झाला. डोक्यावर हातोड्याचे घाव होते, अंगावर भोसकल्याच्या जखमा होत्या. तिचे घर तेथून हाकेच्या अंतरावर होते, आणि घरात तिची चार मुले होती. पुढच्या जानेवारीत त्याच शहरात बेचाळीस वर्षांच्या आणखी एका बाईचा तशाच रीतीने खून झाला. तिच्या अंगावर सात नंबरच्या गमबुटाचा ठसा उमटलेला होता.

दोघींचा पेशा पाहून पोलिसांनी अनुमान बांधले, की खुनी वेश्यांचा द्वेष करणारा आहे. अनुमान म्हणून ते वावगे नव्हते. पण पाहता पाहता अनुमानाचा सिद्धान्त झाला. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात असेच खून झाले होते आणि तो खुनी ‘जॅक द रिपर’ या नावाने दंतकथा होऊन बसला होता. वर्तमानपत्रांनी या नव्या खुन्यालाही ‘यॉर्कशायर रिपर’ म्हणून बारसे करून टाकले. नाव मिळाले, त्याबरोबर कथानकही आयते मिळाले.

त्या कथानकाबाहेर काय काय पडले होते ते पाहू. पहिल्या खुनाच्या आधी, १९७५ च्या जुलै-ऑगस्टात, त्याच मुलुखात तीन हल्ले झाले होते. कीथली येथे छत्तीस वर्षांची एक स्त्री, हॅलिफॅक्स येथे कचेऱ्या झाडून संसाराला हातभार लावणारी एक प्रौढा, आणि सिल्सडेन गावाजवळ अवघी चौदा वर्षांची एक मुलगी. तिघींच्याही डोक्यावर मागून घाव घातले होते, तिघीही वाचल्या. ही मुलगी हल्ल्यापूर्वी त्या माणसाशी बोलत बराच वेळ त्याच्याबरोबर चालली होती. तिने सांगितलेल्या वर्णनावरून जे चित्र तयार झाले ते खुन्याशी चांगलेच जुळणारे होते. परंतु ती शाळकरी पोर. वेश्यांच्या वैऱ्याशी तिचा संबंध कोण लावणार? हा हल्ला आपणच केला होता, अशी कबुली खुन्याने दिली ती १९९२ साली, कैदेत अकरा वर्षे काढल्यावर.

१९७६ च्या मे महिन्यात लीड्सच्या राउंडहे पार्कमध्ये वीस वर्षांच्या एका कृष्णवर्णी मुलीवर हल्ला झाला. ती गरोदर होती. तिचे मूल गेले. डोक्याला अनेक टाके पडले, तरी तिने शुद्धीवर राहून हल्लेखोराचे वर्णन सांगितले, चित्र करून दिले. तेही चित्र त्याचेच होते. पण ती वेश्या नव्हती, म्हणून तिचा हल्ला मालिकेत धरला गेला नाही. नऊ महिन्यांनी त्याच बागेत एका बाईचे प्रेत सापडले.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्या खुन्याचे नाते कोणाशीच नाही त्याला ओळखणारे साक्षीदार कोण? ज्या वाचल्या त्याच. चोरीत चोराने मागे ठेवलेली वस्तू जशी, तशी या प्रकारात वाचलेल्या बाईची जबानी. तिच्याइतका मोलाचा पुरावा दुसरा नाही. आणि नेमका तोच पुरावा पोलिसांनी एका प्रश्नाच्या चाळणीतून चाळला: ‘ती कोण होती?’ खरा प्रश्न ‘तो कोण आहे?’ हा होता. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनासारखे आले नाही, तर दुसऱ्याकडे वळायचेच नाही, अशी जणू शिस्त पडून गेली.

आता दुसरी बाजू. ज्या खरोखरच रस्त्यावर उभ्या राहात त्यांनी तरी पोलिसांशी मोकळेपणी बोलावे, तर तेही कठीण. इंग्लंडच्या १९५९ च्या कायद्यात अशा बाईला ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ हाच शब्द होता. २००९ च्या कायद्याने तो गेला. पोलिसांनी ताकीद दिली की नोंद व्हायची, आणि नोंद झाली की कोर्टात तिची ओळख त्याच शब्दाने व्हायची. जो शिपाई काल दंड करवून गेला त्यालाच आज सांगायचे, की काल रात्री दाढीवाला एक माणूस गाडी घेऊन आला होता! रात्री रस्त्यावर कोण कोण हिंडते याची खडान्खडा माहिती ज्यांच्यापाशी, त्यांचीच तोंडे कायद्याने आधी शिवून ठेवलेली.

१९७७ च्या जूनमध्ये लीड्समध्ये सोळा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. ती दुकानात काम करी, आणि त्या रात्री घरी परतत होती. तेव्हा कोठे देश खडबडून जागा झाला. वर्तमानपत्रांत आणि पोलिसांच्या निवेदनांत एक नवा शब्द आला: ‘निरपराध’. शब्द दिसायला कनवाळू आहे, पण तो एकीला निरपराध ठरवतो तेव्हा आधीच्या चौघींचे काय करतो? त्यांच्या मरणात त्यांचाही काही अपराध होता, असेच तो सांगतो. पुढे १९७९ च्या ऑक्टोबरात जिम हॉब्सन या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकारांसमोर जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की या माणसाला वेश्यांचा तिटकारा आहे, तसा तो पुष्कळांना असतो. पण आता तो निरपराध मुलींना मारू लागला आहे. बोलणाऱ्याच्या मनात खुन्याविषयी सहानुभूती नव्हती, हे मला मान्य आहे. परंतु ज्या द्वेषाचा माग काढायचा, तोच द्वेष पातळ स्वरूपात भोवतालच्या सभ्य समाजात आणि खुद्द पोलीस कचेरीत वावरत असेल, तर तो वेगळा उठून दिसायचा कसा? पांढऱ्या भिंतीवर चुना ओळखू येत नाही.

सोळा वर्षांच्या मुलीचा खून हा खरे तर त्या कथानकाला बसलेला धक्का होता. पण पोलिसांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की खुन्याची चूक झाली. त्याला ती वेश्या वाटली असावी. गोष्ट मोडली नाही, उलट तिला ठिगळ लावले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मँचेस्टरमध्ये मारल्या गेलेल्या एका बाईच्या पिशवीच्या चोरकप्प्यात पाच पौंडांची कोरी करकरीत नोट सापडली. नोटेचा क्रमांक लावता लावता ती ब्रॅडफर्डजवळच्या शिप्ली आणि बिंग्ली येथील बँक-शाखांतून कारखान्यांच्या पगारासाठी गेली होती, येथवर शोध लागला. तशा नोटा सुमारे आठ हजार कामगारांच्या पाकिटांत गेल्या असाव्यात. तीन महिन्यांत पाच हजारांच्या गाठी घेतल्या. त्यांत ब्रॅडफर्डच्या एका मालवाहतूक कंपनीचा लॉरी ड्रायव्हर होता, पीटर सटक्लिफ. बिंग्लीचा, जन्म १९४६ चा, विवाहित, बोलायला मवाळ. घरच्यांनी त्याची साक्ष दिली. पोलीस निघून गेले.

त्याच्या गाठी पुढेही झाल्या. वेश्यावस्त्यांत गाड्यांचे नंबर टिपीत, त्यांत त्याची गाडी वारंवार आली, म्हणून चौकशी झाली. नोटेचा शोध पुन्हा सुरू झाला, म्हणून झाली. पकडला जाण्यापूर्वी पोलीस त्याच्याशी एकूण नऊ वेळा बोलले! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून निराळा काय असतो? १९६९ साली मॅनिंगहॅममध्ये रात्री हातोडा बाळगून दडलेला असताना तो पकडला गेला होता आणि चोरीच्या इराद्याने हत्यार बाळगल्याबद्दल त्याला दंडही झाला होता. बायांच्या वस्तीत, रात्रीच्या वेळी, हाती हातोडा. पण शिपायाला त्यात चोरी दिसली. बाईवरचा राग हेही हातोड्याचे कारण असू शकते, हे त्या काळी कोणाच्या वहीत लिहिण्याजोगे नव्हते.

ही सारी माहिती एकाच खात्यापाशी होती. पण एका ठिकाणी नव्हती. लीड्सच्या मिलगार्थ पोलीस ठाण्यात कार्डांचे ढीग लागले होते. गाड्यांच्या चाकांच्या ठशांची एक यादी, नोटेची दुसरी, नंबरांची तिसरी. एका माणसाची दोन-तीन कार्डे निरनिराळ्या खोक्यांत पडायची, आणि नवीन गाठ घेणाऱ्या शिपायाला आधीच्या गाठीचा पत्ताच नसायचा. चाकांच्या ठशांवरून लाखभर गाड्या निघाल्या. त्या तपासता तपासता काम सोडून द्यावे लागले, आणि न तपासलेल्यांत त्याची गाडी राहून गेली. संगणक नव्हता ही अडचण खरीच. पण कोणते कार्ड आधी उचलायचे हे ठरवते ते माणसाचे मन, आणि ते मन ओलीस राहिले होते.

ते किती ओलीस राहिले होते, हे १९७९ साली दिसले. तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड यांना १९७८ आणि १९७९ मध्ये ‘जॅक’ अशा सहीची पत्रे आली, आणि १९७९ च्या जूनमध्ये एक ध्वनिफीत आली. संथ, कुत्सित आवाजात कोणी एक पुरुष आपणच तो खुनी असल्याचे सांगत होता. ती फीत साऱ्या देशाला ऐकवली गेली. लीड्स विद्यापीठाचे बोलींचे अभ्यासक स्टॅन्ले एलिस यांनी कानांनी पारख करून बोली कोठली ते सांगितले: सुंदरलंडच्या कॅसलटाउन भागातली. पारख अचूक होती. पण हा माणूस तोतया असू शकतो, असा इशाराही एलिस आणि त्यांचे सहकारी जॅक विंडसर ल्युइस यांनी दिला होता. इशारा हवेत विरला. ज्याची बोली त्या भागातली नाही तो खुनी नव्हे, असा दंडक झाला. त्यामुळे यॉर्कशायरी बोलीत बोलणारा सटक्लिफ आपोआपच सुटला.

एका तोतयावर एवढे अनुभवी अधिकारी भाळले कसे? मला वाटते, ‘जॅक’ हे नाव घेऊन कोणीतरी यावे, ही त्यांच्या गोष्टीचीच मागणी होती. १८८८ चे भूत त्यांनी आधीच मनात आणून बसवले होते. त्याचा आवाज येताच तो ओळखीचा वाटला. याच सुमारास अँड्र्यू लॅप्ट्यू या कॉन्स्टेबलाने सटक्लिफची गाठ घेतली. दाढी, दातांतील फट, वाचलेल्या बायांनी करून दिलेल्या चित्रांशी साम्य. हे सारे पाहून त्याला संशय आला आणि त्याने तसा अहवाल लिहिला. वरिष्ठांनी बोली जुळत नाही या कारणावरून तो फायलीत बंद केला. फीत आल्यानंतर आणखी तिघी मारल्या गेल्या. त्यांतील एक सत्तेचाळीस वर्षांची सरकारी नोकर होती. गळ्याला दोरी लावलेली, म्हणून तिचाही खून प्रथम या मालिकेत धरला गेला नाही. तोतया सापडला तो २००५ साली, पाकिटाच्या कडेला राहिलेल्या लाळेवरून. पुढच्या वर्षी त्याला आठ वर्षांची सजा झाली.

या काळात पोलिसांनी स्त्रियांना सल्ला दिला, की रात्री एकटे बाहेर पडू नका. ज्या बाईला रात्रपाळी आहे, जिला शेवटची बस गाठायची आहे, तिने काय करावे, याचे उत्तर त्या सल्ल्यात नव्हते. १२ नोव्हेंबर १९७७ रोजी लीड्ससह अनेक शहरांत स्त्रिया रात्री मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: धोका पुरुषाकडून आहे, तर संचारबंदी बाईवर का? त्या वेळी अनेकांना हा आततायीपणा वाटला. आज वाटते, की हा माणूस ठरावीक पेशाच्या बाईच्या नव्हे, बाईच्याच जिवावर उठला आहे, हे पोलिसांच्या आधी या मोर्चेवाल्या बायांना कळले होते.

अखेर २ जानेवारी १९८१ च्या रात्री शेफील्डमध्ये सार्जंट रॉबर्ट रिंग आणि नवशिका कॉन्स्टेबल रॉबर्ट हाइड्स यांनी एक गाडी हटकली. गाडीच्या नंबरपाट्या खोट्या होत्या. आत सटक्लिफ आणि एक बाई. लघवीचे निमित्त करून तो क्षणभर आडोशाला जाऊन आला. दुसऱ्या रात्री रिंग यांच्या मनात काय आले कोण जाणे, ते पुन्हा त्या जागी गेले. तेलाच्या टाकीमागे हातोडा आणि सुरी पडलेली होती. शेफील्ड दक्षिण यॉर्कशायरच्या पोलिसांच्या हद्दीत येते. त्या दोघांना आधी ठरवलेली गोष्ट नव्हती. समोर जे होते ते त्यांनी पाहिले, इतकेच.

खटला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात मे महिन्यात चालला. देवाने वेश्यांना मारण्याची आज्ञा दिली होती, असे सटक्लिफचे म्हणणे. मनोविकृतीचा दावा सरकार पक्ष मान्य करायला निघाला होता. न्यायमूर्ती बोरहॅम यांनी नाकारून प्रकरण ज्यूरीपुढे ठेवले. तेरा खून आणि सात खुनांचे प्रयत्न शाबीत झाले. पण सरकारी वकिलांनीही आरंभीच्या भाषणात बळींची वर्गवारी केलीच: काही वेश्या होत्या, पण सर्वांत दुःखाची गोष्ट ही, की काही नव्हत्या. खुनी म्हणत होता देवाने वेश्या दाखवल्या, पोलीस म्हणत होते वेश्या आणि निरपराध, वकीलही तेच. आरोपीच्या आणि न्यायाच्या बाजूच्या शब्दकोशात एवढे साम्य पाहून अंगावर काटा येतो.

लॉरेन्स बायफर्ड यांनी या तपासाची सरकारी चौकशी करून १९८१ च्या अखेरीस अहवाल दिला. तो बहुतांशी जनतेसमोर आला २००६ साली. विस्कळीत कार्डे, फितीवरचा आंधळा विश्वास, वाचलेल्या स्त्रियांच्या वर्णनांकडे झालेले दुर्लक्ष, हे सारे त्यात नमूद आहे. त्यातून मोठ्या तपासांसाठी संगणकाची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली आणि तिला गमतीने ‘होम्स’ असे जुळवून नाव दिले गेले. कार्डांचा प्रश्न सुटला. मनाचा?

तो सोपा नाही, हे पुढच्या इतिहासावरून दिसते. इंग्लंडमध्ये वंश, धर्म, अपंगत्व इत्यादींवरून होणाऱ्या गुन्ह्यांना ‘द्वेषमूलक’ म्हणून वेगळे धरतात. स्त्रीत्व त्या यादीत नव्हते. २०१६ साली नॉटिंगहॅमशायरच्या पोलिसांनी स्त्रीद्वेषातून घडलेल्या प्रकारांची तशी नोंद ठेवायला प्रारंभ केला. २०२१ साली मात्र कायदा आयोगाने स्त्रीत्वाचा त्या कायद्यात समावेश करू नये असाच कौल दिला. कारण विचार करण्याजोगे आहे: प्रत्येक बलात्कारात आणि घरगुती मारहाणीत द्वेष वेगळा सिद्ध करावा लागला, तर खटले अधिकच अडतील, आणि अनोळख्याने केलेला गुन्हा ‘खरा’ व नवऱ्याने केलेला ‘कमी’ असा भेद पडेल. म्हणजे पुन्हा बळींची प्रतवारी! वंशद्वेष्टा बहुधा परका असतो. स्त्रीद्वेष्टा तिच्याच घरी जेवतो. त्याचा द्वेष रीतिरिवाजात, थट्टेत, सल्ल्यात इतका मिसळलेला असतो, की पंचनाम्यात तो वेगळा काढून दाखवणे महाकठीण. पण नोंद न ठेवली तर मालिका दिसत नाही, आणि मालिका दिसली नाही तर आणखी एखादी बाई मरेपर्यंत वाट पाहावी लागते. या कात्रीतून वाट काढण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. आणि ते केवळ इंग्लंडचे काम आहे असेही कोणी समजू नये.

१३ नोव्हेंबर २०२० रोजी सटक्लिफ कैदेत मरण पावला. पहिल्या मृत स्त्रीचा मुलगा आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता. पोलिसांनी त्या काळी बळींविषयी जी भाषा वापरली तिच्याबद्दल क्षमा मागावी, एवढेच त्याचे मागणे होते. त्याच महिन्यात वेस्ट यॉर्कशायरचे चीफ कॉन्स्टेबल जॉन रॉबिन्स यांनी त्या भाषेबद्दल सर्व बळींच्या आप्तांची जाहीर माफी मागितली. पंचेचाळीस वर्षांनी मिळालेल्या त्या माफीत तपासातली कोणतीही नवी गोष्ट नव्हती. फक्त एवढेच मान्य झाले होते, की त्या तेराही जणी निरपराध होत्या. हे १९७५ साली मान्य झाले असते, तर वाचलेल्या बायांची चित्रे फळ्यावर आधी लागली असती.